आभार आणि हिशेब



परदेशात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत या देशाविषयीची कृतज्ञता सर्वत्र आढळते. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे आज इंग्लंडमधील कचेऱ्यांत, प्रयोगशाळांत आणि रुग्णालयांत मानाने काम करतात. ही कृतज्ञता खरी आहे आणि ती असावीच. मात्र तिच्या सावलीत गप्प बसण्याची एक सवयही आपल्याला जडते. त्या सवयीविषयी आज लिहायचे आहे, कारण तिच्याशी झगडत आम्ही साडेचार वर्षे काढली.

आमच्या मुलाच्या वतीने इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयाविरुद्ध आम्ही वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा चालवला. 2024 च्या वसंतात तो निकाली निघाला. मुलाची ओळख गुप्त ठेवावी असा न्यायालयाचा आदेश असल्यामुळे त्याचे नाव, आमचे शहर आणि रुग्णालय यांचा उल्लेख येथे केलेला नाही. विहारात भेटणाऱ्या अनेकांनी मात्र आम्हाला हळू आवाजात विचारले, "दावा म्हणजे नेमके काय केलेत? आणि करावासा का वाटला?" त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदाच मोकळेपणाने द्यावीत, म्हणून हा लेख.

मुलाचा जन्म नोव्हेंबर 2018 मधला. पूर्ण दिवसांचे, निरोगी वजनाचे बाळ. दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडण्यात आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इथल्या प्रथेप्रमाणे मिडवाईफ घरी आल्या. त्याच दुपारी वर्ध्याच्या आजीने व्हिडिओ कॉलवर बाळाला पाहिले होते आणि आपल्या लेकीला म्हटले होते, "बाई, पोराचे डोये पिवळे दिसून राहिले. डॉक्टरले दाखव." आम्ही ही गोष्ट मिडवाईफना सांगितली. त्यांनी दिव्याच्या उजेडात बाळाचा चेहरा पाहिला, आशियाई बाळांचा वर्ण असाच दिसतो असे हसून सांगितले, दूध वरचेवर पाजा म्हणाल्या आणि गेल्या. रक्ताची तपासणी झाली नाही. त्वचेवर टेकवून काविळीचे प्रमाण मोजणारे छोटे उपकरण असते, तेही त्यांच्याजवळ नव्हते.

चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेनासे झाले. आम्ही मदतक्रमांकावर फोन केला, तेव्हा पुन्हा दूध पाजण्याचाच सल्ला मिळाला. पाचव्या दिवशी पहाटे त्याचे रडणे किंचाळल्यासारखे चिरके झाले आणि पाठ मागे धनुष्यासारखी ताणली गेली. तातडीच्या विभागात रक्त तपासले तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारे पिवळे द्रव्य, 500 च्याही पुढे गेले होते. पूर्ण दिवसांच्या आणि एवढ्या वयाच्या बाळाच्या बाबतीत 450 ही बाळाचे रक्त बदलण्याची पातळी मानली जाते. त्या रात्री त्याच्या अंगातील रक्त थोडे थोडे काढून दुसरे भरण्यात आले आणि त्याचे प्राण वाचले. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ती रात्र जागून काढली, त्यांचे ऋण आम्ही आजही मानतो.

पुढे काही महिन्यांनी श्रवणचाचणीत कळले की त्याचा कान आवाज टिपतो, परंतु तो आवाज मेंदूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली आहे. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत उतरते आणि ऐकण्याच्या मार्गाला सर्वांत आधी झळ पोचते. शब्द त्याच्यापर्यंत तुटक, विस्कटलेले पोचत होते. अडीच वर्षांचा असताना त्याच्या दोन्ही कानांत कॉक्लियर इम्प्लांट बसवण्यात आले. नोव्हेंबर 2024 मध्ये तो सहा वर्षांचा झाला. तो बोलतो, खुणांची भाषाही शिकतो. मात्र प्रत्येक शब्द त्याला कष्टाने कमवावा लागतो, आणि आयुष्यभर त्याला यंत्रांची, थेरपीची, शाळेत जादा आधाराची गरज लागणार आहे.

आमच्या मनात आरंभी दाव्याचा विचारही नव्हता. आम्हाला एवढेच जाणून घ्यायचे होते की तिसऱ्या दिवशी कावीळ मोजली का गेली नाही. म्हणून आम्ही रुग्णालयाकडे लेखी तक्रार केली आणि सोबत वैद्यकीय नोंदींच्या प्रतीही मागवल्या. या देशात आपल्या व आपल्या मुलांच्या नोंदी मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. त्या विनाशुल्क मिळतात आणि सर्वसाधारणपणे महिनाभरात द्याव्या लागतात. आमच्या हाती तीनशेहून अधिक पानांचा गठ्ठा आला. त्यात तिसऱ्या दिवसाच्या भेटीचा छापील नमुना होता. 'बाळाचा रंग' या रकान्यापुढे मिडवाईफनी एकच शब्द लिहिला होता: गुलाबी.

तो शब्द आम्ही किती वेळा वाचला, याची गणती नाही. आमचे बाळ जन्मल्यापासून कधीही गुलाबी नव्हते. ते आपल्या आजोबांसारखे सावळे होते. लिहिणाऱ्या हाताच्या मनात द्वेष होता, असे आम्ही मानत नाही. नमुना जसा भरायची सवय होती तसा तो भरला गेला. परंतु त्या सवयीत निरोगी बाळ म्हणजे गुलाबी बाळ असे गृहीत धरलेले होते, आणि त्या गृहीतकात आमच्या मुलाच्या कातडीला जागाच नव्हती. वर्ण या शब्दाचा एक अर्थ रंग असाही आहे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

इंग्लंडमधील आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाईस या संस्थेने नवजात बाळांच्या काविळीविषयी 2010 मध्येच सूचना प्रसृत केल्या होत्या. बाळाला उघडे करून चांगल्या, शक्यतो नैसर्गिक प्रकाशात पाहावे. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या तपासाव्यात. काविळीचा संशय आल्यास केवळ नजरेवर विसंबू नये. एक दिवसाहून मोठ्या बाळाचे बिलिरुबिन सहा तासांच्या आत मोजावे. वर्ध्याच्या आजीने ही तत्त्वे वाचलेली नव्हती, पण तिने डोळ्यांकडे पाहिले होते.

रुग्णालयाच्या पहिल्या उत्तरात सहानुभूती होती, परंतु प्रश्नाचे उत्तर नव्हते. तेव्हा आम्ही वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे चालवणाऱ्या सॉलिसिटरांकडे गेलो.

ही बातमी विहारात पोचली आणि वेगवेगळ्या बाजूंनी सल्ले येऊ लागले. ज्यांचा आम्ही मनापासून आदर करतो, असे एक ज्येष्ठ काका रविवारच्या वंदनेनंतर म्हणाले, "बेटा, या देशाने आपल्याला फुकट दवाखाना दिला. ज्या ताटात जेवतो, त्याच ताटाला छिद्र पाडू नये." गावाकडून एका नातेवाईकांचा फोन आला. मागच्या जन्मीचे काही असेल, सोसावे, असे त्यांचे म्हणणे होते. एका मित्राला काळजी वाटत होती ती व्हिसाची. कायमच्या वास्तव्याचा अर्ज अजून व्हायचा आहे, सरकारी रुग्णालयाशी कशाला वाकडे घेता?

यांतला एकही सल्ला दुष्टपणाने दिलेला नव्हता. म्हणूनच प्रत्येकाचे उत्तर आम्हाला स्वतःलाच शोधावे लागले.

व्हिसाचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. दिवाणी दावा दाखल करणे हा कोणताही गुन्हा नाही आणि वास्तव्याच्या अर्जाशी त्याचा संबंध येत नाही, हे सॉलिसिटरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. फुकट दवाखान्याची गोष्टही तपासून पाहण्यासारखी होती. या देशाची आरोग्यसेवा 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली आणि ती सर्वांच्या कररूपी पैशातून चालते. आपण पगारातून कर भरतो. शिवाय 2015 पासून बाहेरून येणाऱ्यांना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभारही भरावा लागतो. आम्ही आलो तेव्हा तो प्रत्येकी वर्षाला 200 पौंड होता. आज तो 1035 पौंड आहे. आपण त्या ताटाचे पाहुणे नाही; त्यात वाढण्यासाठी आपणही वाटा दिला आहे. आणि समजा दिला नसता, तरी आजारी बाळाची नीट तपासणी होण्याचा हक्क कमी झाला नसता.

मागच्या जन्माचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख समजावून सांगणारी कल्पना धम्मात बसत नाही, हे निःसंदिग्धपणे मांडले. माणसाच्या दुःखाचा भार त्याच्याच अदृश्य पूर्वजन्मावर टाकला की जबाबदार व्यवस्था मोकळी सुटते. बुद्धांनी शिकवलेला प्रतीत्यसमुत्पाद याच्या उलट दिशेने जातो: प्रत्येक गोष्टीला कारणे असतात, ती शोधता येतात आणि कारण दूर केले तर परिणामही टळतो. आमच्या मुलाच्या बहिरेपणाला कारण होते, आणि ते तिसऱ्या दिवसाच्या एका रकान्यात होते.

काकांच्या बोलण्याने मात्र आम्हाला बराच काळ अस्वस्थ ठेवले. शेवटी त्याचेही उत्तर बाबासाहेबांजवळच सापडले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात त्यांनी कृतज्ञतेच्या मर्यादेविषयी देशाला सावध केले होते. आयर्लंडचे नेते डॅनियल ओकॉनेल यांचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की, कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, परंतु स्वाभिमानाचे मोल देऊन कोणी कृतज्ञ राहू शकत नाही. ते थोर पुरुषांविषयी बोलत होते. आम्हाला वाटते, संस्थांच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे. ज्या रात्री रक्त बदलून बाळाला वाचवण्यात आले, त्या रात्रीचे आभार, आणि ज्या संध्याकाळी त्याची कावीळ मोजली गेली नाही, त्या संध्याकाळचा हिशेब, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकत्र नांदू शकतात. आभार मानले म्हणून हिशेब माफ होत नाही, आणि हिशेब मागितला म्हणून आभार खोटे ठरत नाहीत.

दावा प्रत्यक्षात कसा चालतो, हे आता सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, दिलेली सेवा योग्य दर्जापेक्षा कमी होती. हा दर्जा 1957 च्या बोलम खटल्यापासून असा ठरत आला आहे की, त्याच व्यवसायातील जबाबदार मंडळींनी जे योग्य मानले असते, ते पुरेसे. 1997 मध्ये बोलिथो खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यात भर घातली की, ते व्यावसायिक मत तर्कालाही टिकले पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे कारणसंबंध: ती चूक झाली नसती, तर इजा टळली असती का? येथे फौजदारी खटल्यासारखी निःसंशय खात्री लागत नाही. टळण्याची शक्यता न टळण्यापेक्षा अधिक होती, एवढे पुरते.

यासाठी स्वतंत्र तज्ज्ञांचे अहवाल लागतात. आमच्या प्रकरणात एका अनुभवी मिडवाईफनी दर्जाविषयी मत दिले, नवजात शिशुतज्ज्ञांनी तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन किती असावे याचा मागे जाऊन अंदाज मांडला, आणि श्रवणतज्ज्ञांनी इजेचे स्वरूप सांगितले. आम्ही दोघेही सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. एखादी प्रणाली कोसळली की कोणत्या मिनिटाला काय घडले, याचा तक्ता मांडणे हे आमचे रोजचे काम. तोच तक्ता आम्ही बाळाच्या पहिल्या पाच दिवसांचा मांडला: फोनमधील छायाचित्रांच्या वेळा, आजीच्या व्हिडिओ कॉलची वेळ, मदतक्रमांकावर केलेल्या फोनची नोंद, दूध पाजल्याची वहीतली टिपणे. सॉलिसिटरांनी नंतर सांगितले की, तज्ज्ञांना या तक्त्याचा फार उपयोग झाला. तो करताना एकेका ओळीपाशी आम्ही थांबत असू, हे वेगळे.

रुग्णालयाच्या वतीने दाव्याला उत्तर देते ती एनएचएस रिझोल्यूशन नावाची संस्था. नुकसानभरपाई रुग्णालयांनी वर्गणी भरून उभारलेल्या सामायिक योजनेतून दिली जाते. कोणा मिडवाईफच्या पगारातून ती कापली जात नाही. हे कळले तेव्हा आमच्या मनावरचे एक ओझे उतरले. दाव्याचे सविस्तर पत्र मिळाल्यावर उत्तरासाठी सामान्यतः चार महिने दिले जातात. आलेले पहिले उत्तर नकाराचे होते. बाळाच्या गडद त्वचेमुळे कावीळ नजरेस पडण्याजोगी नव्हती, म्हणून मिडवाईफकडून चूक झाली नाही, असा त्यांचा बचाव होता.

म्हणजे नोंदीत बाळ गुलाबी होते आणि बचावात गडद.

आमच्या बॅरिस्टरांनी या विसंगतीवर शांतपणे बोट ठेवले. त्वचेवर दिसणे अवघड असेल तर डोळे आणि हिरड्या पाहण्याची आणि मोजून खात्री करून घेण्याची गरज वाढते. ती कमी होत नाही. शिवाय आईवडिलांनी पिवळेपणा स्वतः सांगितलेला होता. पुढे 2023 मध्ये एनएचएस रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात गडद वर्णाच्या नवजात बाळांच्या बाबतीत केवळ रंग पाहून केलेली तपासणी किती अपुरी पडते, हाच प्रश्न मांडला गेला. गुलाबी हा शब्द आमच्या एकट्यांच्या कागदावर नव्हता, हे तेव्हा उमगले.

मध्ये कोविडची साथ आली, तज्ज्ञांच्या तारखा पुढे गेल्या, आमचा धीर अनेकदा सुटू लागला. अशा वेळी महाडची आठवण आम्हाला आधार देई. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. त्या तळ्याबाबत सवर्णांनी दाखल केलेल्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल त्यांच्या बाजूने लागला तो 1937 मध्ये. ज्या तळ्यावर जनावरांनाही मज्जाव नव्हता, तिथे माणसांचा हक्क कायद्याच्या कागदावर उतरायला दहा वर्षे लागली. आमचे दुःख त्या लढ्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही कागदाला कागदाने उत्तर देत राहण्याची चिकाटी आपल्या वारशात आहे, एवढे आम्ही त्यातून घेतले.

अखेर रुग्णालयाने आधी सेवेतील चूक आणि नंतर कारणसंबंधही मान्य केला. मूल अज्ञान असल्यामुळे त्याच्या वतीने आईवडिलांपैकी एकाला 'लिटिगेशन फ्रेंड' म्हणून उभे राहावे लागते, आणि दोन्ही बाजूंत ठरलेल्या तडजोडीला न्यायाधीशांची मंजुरी लागते. ही रक्कम मुलाच्या हिताची आहे की नाही, हे न्यायाधीश स्वतः पडताळून पाहतात. रक्कम किती, हे आम्ही सांगणार नाही. तिच्यातून श्रवणयंत्रांची देखभाल, भाषेची थेरपी, शिक्षणातील आधार आणि उद्याच्या कमाईतील संभाव्य तूट भरून काढायची आहे. ती आमची नाही, मुलाची आहे, आणि तो सज्ञान होईपर्यंत न्यायालयाच्या देखरेखीखाली राहील.

त्यासोबत एक पत्र आले. रुग्णालयाच्या प्रमुखांनी स्पष्ट शब्दांत क्षमा मागितली होती. घरी जाणाऱ्या मिडवाईफना कावीळ मोजणारी उपकरणे दिल्याचे आणि भेटीच्या नमुन्यातील 'रंग' हा रकाना बदलून तेथे डोळे व हिरड्या तपासल्याची नोंद ठेवल्याचे त्यात कळवले होते. आम्ही ते पत्र काकांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पुढच्या बाळाचे मोजतील." आम्हाला वाटते, साडेचार वर्षांचा सारांश याहून नेमका कोणी सांगू शकणार नाही.

आपल्या कुटुंबांसाठी काही गोष्टी नोंदवून ठेवतो. घरात नवजात बाळ असेल तर दिवसाच्या उजेडात त्याचे डोळे आणि हिरड्या पाहा. पिवळेपणा वाटला तर "मोजून सांगा" असे स्पष्ट म्हणा. बाळ सुस्त होऊन दूध घेईनासे झाले तर थांबू नका. उपचारात काही चुकल्याची शंका आली तर तारखा आणि वेळा लगेच लिहून ठेवा आणि नोंदींच्या प्रती मागवा. रुग्णालयाकडील तक्रार साधारणपणे बारा महिन्यांच्या आत करावी लागते, आणि त्यांच्या उत्तराने समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाता येते. न्यायालयातील दाव्याची मुदत सामान्यतः इजा झाल्यापासून किंवा ती कळल्यापासून तीन वर्षांची असते. मुलांच्या बाबतीत ही तीन वर्षे अठराव्या वाढदिवसापासून मोजली जातात. तरीही उशीर करू नये, कारण आठवणी आणि कागद दोन्ही विरत जातात. खर्चाच्या भीतीने मागे हटू नका. अनेक सॉलिसिटर दावा जिंकला तरच शुल्क घेण्याच्या अटीवर काम करतात. गर्भावस्थेत, जन्मावेळी किंवा जन्मानंतरच्या आठ आठवड्यांत मज्जासंस्थेला इजा होऊन गंभीर अपंगत्व आलेल्या बालकांना सरकारी कायदेशीर साहाय्यही मिळू शकते. स्कॉटलंडमधील नियम वेगळे आहेत. तेथील बांधवांनी स्थानिक सल्ला घ्यावा.

प्रत्येक दुःखाचा दावा होत नाही. पुष्कळदा डॉक्टर सर्व काही नीट करतात आणि तरीही माणूस हातून जातो. तेव्हा हिशेब मागण्याजोगे काही नसते, केवळ एकमेकांना धीर द्यायचा असतो. हा फरक ओळखण्यासाठीसुद्धा आधी प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्याची मुभा आपण स्वतःला दिली पाहिजे. आपल्या आधीच्या पिढ्यांना प्रश्न विचारण्याची बंदी होती. ती बंदी मोडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची लेकरे परदेशी येऊन सौजन्यापोटी गप्प राहिली, तर ती कृतज्ञता कोणाच्याच कामाची नाही.

जय भीम.